पाचवी सवाष्ण

१

मंगळवारी संध्याकाळी लॉकने मला माझ्याच घरात घेतलं नाही.

अंगठा लावला, लाल दिवा. पुसून लावला, लाल दिवा. पदराला घासून, फुंकर मारून, देवाचं नाव न घेता आठ वेळा लावला. शेवटी बेल वाजवली आणि ब्याऐंशी वर्षांच्या आईला पलंगावरून उठून यावं लागलं. आमच्या कोलार रोडच्या सोसायटीत नव्वद फ्लॅट आहेत. कमिटीने सगळ्या दारांना एकाच कंपनीची स्मार्ट लॉकं बसवण्याचा ठराव केला, तेव्हा विरोधात एकच हात वर झाला होता. माझा. जिन्यातला कॅमेरा जुलैपासून बंद आहे, त्याचं आधी बघा, असं मी म्हणाले होते. त्याचाही ठराव झाला. कॅमेरा अजून बंदच आहे.

मी चौतीस वर्षं भोपाळच्या एका हिंदी दैनिकात बातमीदारी करते आहे. 'सिस्टिममध्ये चूक होत नाही' असं कुणी म्हणालं, की ती चूक शोधल्याशिवाय मला जेवण जात नाही. बुधवारी ऑफिसात बसल्याबसल्या मी लॉकचं ॲप उघडलं. महिन्याभरात मी त्यात एकदाही डोकावले नव्हते. मला नकारांची यादी हवी होती. तीन भागांची लेखमाला डोक्यात तयार होती.

नकार होते. मंगळवारचे आठही होते. पण त्यांच्या खाली दुसरीच एक ओळ होती.

आई. अंगठा. दुपारी ३:१२.

सोमवारीही तीच. रविवारी मी घरी होते, रविवारी नव्हती. शनिवारी होती. मी खाली खाली जात राहिले. मी कामावर गेले त्या प्रत्येक दिवशी, तीन बारा. कुणीतरी बाहेरून दार उघडून आत आलं होतं. आतून दार उघडलं की ॲपमध्ये 'आतून उघडले' अशी नोंद पडते. तीन बारानंतर मी येईपर्यंत तशी एकही नोंद नव्हती.

माझी आई सहा महिन्यांत उंबऱ्याबाहेर गेलेली नाही. आणि तिच्या अंगठ्याला ते लॉक उघडतच नाही.

तेवढ्यात परीक्षितचा फोन आला. माझा धाकटा भाऊ, पुण्यात असतो.

"ताई, मी शनिवारी येतोय. आईला घेऊन जातो."

"कुठे?"

"सांगितलं होतं ना तुला. विसरभोळ्या म्हाताऱ्या माणसांसाठी आहे ती जागा, चांगली आहे. चोवीस तास नर्स. काल मला म्हणाली, रोज दुपारी एक बाई येऊन बसते. ताई, तुला हे माहितेय?"

मला माहीत होतं. पंधरा दिवसांपासून आई मलाही सांगत होती. मी 'हो का?' म्हणून भाजी चिरत बसायची.

"शर्वरी येते दुपारी डोकवायला," मी म्हणाले. शर्वरी शेजारच्या फ्लॅटमध्ये राहते.

"शर्वरी एक वाजता येते. मी विचारलंय तिला. तू बाहेर जगाशी भांड, पण घरात काय चाललंय ते बघ जरा."

"आईला वेड लागलेलं नाही, परीक्षित."

"मग ती बाई कोण आहे, ते मला शनिवारी सांग."

फोन ठेवला आणि माझी पंचाईत माझ्या लक्षात आली. लॉक खोटं ठरलं, तर आई भ्रमिष्ट ठरत होती, आणि शनिवारी ती जाणार होती. आईला खरं ठरवायचं, तर त्या भिकार यंत्राला खरं मानावं लागत होतं.

२

लॉक बसवलं तो दिवस महालक्ष्म्यांच्या जेवणाचा होता. तारीख कमिटीने ठरवलेली.

आम्ही मूळचे नागपूरचे. छप्पन्न साली राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा आजोबा कचेरीबरोबर इकडे आले आणि त्यांच्या ट्रंकेतून मुखवटेही आले. माझा देवावर विश्वास नाही. आईचा आहे, म्हणून सोळा भाज्या आणि आंबील मी करते, तोंडाने कटकट करत. आई विधवा, मी नवऱ्याला सोडून आलेली, म्हणून सवाष्णी बाहेरून बोलवाव्या लागतात. पाच. चौघी आमच्याच सोसायटीतल्या, शर्वरी धरून. पाचवी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, सोनागिरीहून यायची होती. बाराला तिचा फोन आला, सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, येता येत नाही. माझे हात पुरणात होते. शर्वरीला सांगू, ती कुणाला तरी आणेल, असं म्हणून मी विसरले.

पानं घेऊन बाहेर आले तर पाचही पाटांवर बायका बसलेल्या.

मला वाटलं, आईने कुणाला तरी सांगितलं. आईला वाटलं, मी सांगितलं. विचारायचं कसं? पाटावर बसलेल्या सवाष्णीला 'तुम्ही कुणाच्या?' म्हणणं म्हणजे लक्ष्मीला दारात अडवणं, असं आईने आम्हाला लहानपणी शिकवलेलं. अनोळखी माणसाचं नाव, वय, पत्ता विचारण्यावर माझं पोट चालतं. त्या दिवशी मी खाली मान घालून वाढत राहिले.

दाराशी बाळकृष्ण लॉक बसवत होते. पन्नाशी उलटलेला गृहस्थ, कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन या कामाला लागलेला. घरातल्या माणसांचे अंगठे घ्यायची वेळ आली. माझा घेतला. आईचा काही यंत्र घेईना. वडील गेल्यावर पंचवीस वर्षं आईने लोकांच्या साड्यांना फॉल लावले. सुईने, साबणाने आणि राखेने तिच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसून टाकल्यात. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी तिला अंगठा लावायला नेते, आणि दर नोव्हेंबरला यंत्र म्हणतं, ही बाई नाही. त्यावरही मी लिहिलं होतं.

मी स्वयंपाकघरात पोळी उलटत होते. बाहेर यंत्र तीनदा नकाराचं केकाटलं. मग एका बाईचा आवाज आला, "राहू द्या. त्यांच्याऐवजी माझा घ्या."

आणि यंत्र गोड वाजलं.

मला वाटलं, शर्वरी. शेजारच्या माणसाकडे आपली किल्ली असतेच. चांगलंच झालं, असं मनात म्हणून मी पोळीवर तूप सोडलं.

३

गुरुवारी सकाळी मी बाळकृष्णांना बोलावून घेतलं आणि दारातच घेरलं.

"तुमचं लॉक खोटारडं आहे."

"विजयाजी, पहले पाणी तर पाजा," ते म्हणाले. भोपाळात जन्म गेलेल्या मराठी माणसाचं बोलणं असंच असतं. पाणी पिऊन त्यांनी लॉक उघडलं, पुसलं, बंद केलं. माझा अंगठा वीसेक वेळा लावून पाहिला. अठरा वेळा उघडलं.

"दोनदा नाही म्हणालं," मी म्हणाले.

"म्हणणारच. ओला हात, कापलेलं बोट, थंडी. माझाच अंगठा बघा, लेथवर घासून सपाट. माझ्या स्वतःच्या घरी मी नंबर दाबून जातो, बायको हसते." त्यांनी स्क्रू घट्ट केला. "खऱ्या माणसाला हे कधीकधी ओळखत नाही. मान्य. पण भलत्याला आत नाही घेत. दार न उघडणं ही याची गलती. उघडणं ही याची गलती नसते."

"मग रोज तीन बाराला माझ्या घरात कोण येतं?"

मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा चढवून नोंदी वाचल्या, शेवटपर्यंत.

"'आई' नावावर अंगठा दिला त्या ताई."

"शर्वरी."

"नाही हो. शर्वरीजींचं लॉक मीच लावलंय, त्यांना ओळखत नाही का मी? त्या कडेच्या पाटावर होत्या ना, पाचव्या, त्या उठून आल्या."

"कशी होती दिसायला?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या घरातलीच. मला वाटलं तुमची मोठी बहीण."

मला बहीण नाही.

"एक सांगू? तिचा अंगठा एका झटक्यात आला. मला बाकी सगळं विसरायला झालं, तो अंगठा नाही विसरलो. एवढ्या साफ रेषा त्या उमरच्या बाईच्या नसतात. जशा आत्ताच पाडल्या." ते उठले. "मिटवून टाकू का? एक बटन दाबायचं, नाव गायब. उद्यापासून कोणी येणार नाही."

मी विचार केला. खोटं कशाला सांगू, भीती वाटली होती. पण शनिवारी परीक्षित येणार होता, आणि आईच्या बाजूने उभं राहणारं जगात हे एवढंच होतं. पुरावा मी उभ्या आयुष्यात कधी खोडलेला नाही.

"राहू द्या," मी म्हणाले.

"सोच लो."

"घर माझं आहे, बाळकृष्णजी. कोण येतं ते मी बघीन."

४

मग शर्वरीला बोलावलं.

"अगं विजूताई, मला वाटलं तुझी नागपूरची आत्येबहीण! तुझ्यासारखंच नाक."

"तिने सांगितलं तुला तसं?"

"सांगितलं कशाला पाहिजे? कळतं की."

बाकीच्या तिघींना मी फोन केले. एकीने तिला शर्वरीची नणंद मानलं होतं, एकीने आईची मानलेली लेक. चौघींनी तिला दुसऱ्या कुणाच्या तरी घरात बसवून टाकलं होतं. साडीचा रंग चौघींनी चार सांगितले. चेहरा कुणालाच सांगता आला नाही. 'चांगली होती गं,' एवढंच.

एकच गोष्ट चौघींनी सांगितली, मी न विचारता. ती जेवत नव्हती. आईला विचारत होती. ही भाजी कुणाकडून शिकलात, लग्नात काय नेसला होतात, सासरे कसे होते. आणि आई, जी हल्ली माझ्याशी दोन वाक्यं बोलून थकते, ती खुशीत सगळं सांगत होती.

"मावशींना किती बरं वाटलं असेल," शर्वरी म्हणाली. "कोण विचारतं गं एवढं म्हाताऱ्या माणसाला?"

हे तिने मला लागावं म्हणून म्हटलेलं नव्हतं. तरी लागलं.

५

शुक्रवारी रोजच्या वेळेला मी पर्स खांद्याला लावली, दार उघडलं, आपटून बंद केलं आणि आतच राहिले. चपला हातात घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसले. दाराच्या फटीतून बैठकीची एक पट्टी दिसत होती: दिवाणाचा पायथा, आईचे पाय, आणि वेताच्या खुर्चीची पाठ.

एकला शर्वरी येऊन गेली. दोनला आईचा डोळा लागला. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, होत नव्हती. मी स्वतःला समजावत होते: कुणीतरी भुरटी बाई असेल. म्हाताऱ्यांच्या घरात असं शिरणाऱ्या टोळ्या मी छापल्या आहेत. शिरली की धरायची, फोटो काढायचा, पोलीस बोलवायचे. मोबाईल हातात तयार होता.

लॉकची मोटर फिरली. रोज मी ऐकते तोच आवाज, कुर्र आणि एक टिचकी.

पावलं वाजली नाहीत. वेताची खुर्ची करकरली.

"आलीस?" आई म्हणाली. तिचा आवाज जागा होता, ताजा होता. "कुठवर आलो होतो आपण?"

उत्तर आलं ते हळू होतं, मला शब्द कळले नाहीत. मग आई सांगू लागली.

"परीक्षितला गोवर आला तेव्हा तीन रात्री मी बसून काढल्या. कडुलिंबाचा पाला उशाशी. विजू दारात उभी राहायची, तिला आत घेतलं नाही."

आणि दुसरा आवाज म्हणाला, "परीक्षितला गोवर आला तेव्हा तीन रात्री मी बसून काढल्या. कडुलिंबाचा पाला उशाशी. विजू दारात उभी राहायची, तिला आत घेतलं नाही."

तोही आईचाच आवाज होता.

हे काय चाललंय ते मला एका क्षणात कळलं. माझा धंदाच तो. कुणाची मुलाखत घेतली की शेवटी टिपण वाचून दाखवायचं असतं, शब्दाला शब्द, म्हणजे माणूस नंतर फिरत नाही. ती वाचून दाखवत होती. आई 'हं' म्हणत होती. प्रत्येक 'हं' आधीच्यापेक्षा बारीक.

मी फोटो काढायचं विसरले. मी दार ढकललं आणि बैठकीत गेले.

दिवाणावर आई होती, भिंतीकडे तोंड करून. खुर्चीत पाठमोरं कुणीतरी होतं. मला अंबाडा दिसला, काळाभोर, आई शिवणाला बसायची तेव्हा घालायची तसा, एक आकडा तिरपा. पापणी लवायच्या आतलं सांगते आहे. याहून जास्त मी पाहिलेलं नाही आणि याहून जास्त लिहिणार नाही.

"नाव काय तुमचं?" मी ओरडले. "कुणी बोलावलं तुम्हाला?"

खुर्ची रिकामी होती. दार बंद होतं. मी ॲप पाहिलं: तीन बारा, अंगठा. त्यानंतर काही नाही. मी मोऱ्या पाहिल्या, बाल्कनी पाहिली, कपाटं उघडली, पलंगाखाली बॅटरी मारली. मग आईपाशी बसले.

"आई, परीक्षितला गोवर कधी आला होता गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. अगदी प्रेमाने पाहिलं.

"कोण परीक्षित?"

६

शनिवारी दुपारी परीक्षित आला, हातात फाईल. मी रजा टाकली होती आणि रात्रभर काय बोलायचं ते ठरवलं होतं. काहीच बोलावं लागलं नाही. आई उठून बसली होती, वेणीफणी केलेली.

त्याने फॉर्म काढला. साल कोणतं, महिना कोणता, मी कोण.

"गाढवा," आई म्हणाली, "तुला गोवर आला तेव्हा तीन रात्री मी बसून काढल्या. कडुलिंबाचा पाला उशाशी. आणि मला विचारतोस तू कोण?"

परीक्षितने फाईल मिटली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "ताई, ही तर ठणठणीत आहे."

"चल रे, खाली चक्कर मारू," आई म्हणाली, सहा महिन्यांत पहिल्यांदा. दोघं गेली. मी मधल्या वेळात आईच्या खोलीत गेले. पलंगावर कुणी नव्हतं. चादरीवर मात्र माणूस नुकताच उठल्यासारखा खळगा होता. मी हात ठेवला. ऊब होती. मी हात काढला नाही. ऊब गेली नाही.

हातातला फोन थरथरला. आई. अंगठा. दुपारी ३:१२.

"ताई!" परीक्षित दारातून ओरडला. "आईच्या अंगठ्याने उघडलं! पहिल्या झटक्यात!"

मी बाहेर आले आणि तिचा उजवा हात हातात घेतला. अंगठ्यावर रेषा होत्या. भोवऱ्यासारख्या, एकात एक, कुठेही न तुटलेल्या.

मी चहा केला. तिघं टेबलाशी बसलो. परीक्षित सोमवारचं परतीचं तिकीट बघत होता, एकट्याचं. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. आई कुठेही जाणार नव्हती.

"आई," मी म्हणाले, "नवऱ्याचं घर सोडून मी बॅग घेऊन आले, त्या दिवशी दारात तू मला काय म्हणालीस?"

हे फक्त आम्हा दोघींना माहीत आहे. मी कुणाला सांगितलेलं नाही, तिनेही नाही.

बशीतला चहा मध्येच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी आईसारखं हसली.

"उद्या सांगते."

"आत्ता सांग."

"अगं, विचारून सांगते ना."

"कुणाला विचारून?" परीक्षित हसला. "आई पण ना!"

ती चहा प्यायली. मी कप खाली ठेवला. डोकं लख्ख चालत होतं. विचारायचं आहे, म्हणजे विचारायला कुणीतरी उरलं आहे. या दोघांच्या चकरेखेरीज दारातून कुणी बाहेर गेल्याची नोंद नाही, म्हणजे ते या तीन खोल्यांतच आहे. आणि अजून सगळं देऊन झालेलं नाही.

मी उठून उभी राहिले आणि आतल्या खोलीकडे तोंड केलं.

"आई! ते सांगू नकोस तिला! ऐकतेस ना? बाकी गेलं ते गेलं, एवढं एक ठेव!"

"ताई?" परीक्षितचा हात फाईलवर गेला. "ताई, कुणाशी बोलतेस तू? आई इथे बसलीये."

"फॉर्म भर माझ्या नावाने," मी म्हणाले. "भर, घाबरू नकोस. नोकरी सोडली मी आजपासून. उद्या दुपारी त्या खुर्चीत मी बसणार आहे, परवाही मीच, मला उठवून दाखवावं कुणी." आणि पुन्हा, पोटातून, नव्वद फ्लॅटना ऐकू जाईल एवढ्याने, "आई! मी इथेच आहे! एक अक्षर देऊ नकोस!"

आतल्या खोलीत पलंग करकरला.

परीक्षितने मान वळवली. त्यालाही ऐकू आलं होतं. समोर बसलेली बाई तेवढी वळली नाही.